जमिनीतल्या भेगांची नोंदवही

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसं घरांच्या दगडमातीखाली गेली. भूकंपाची महत्ता ६.२ होती. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नव्हे. पण त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वर्गात हा विषय निघाला की मुलं हमखास विचारतात, "तिथं भूकंप होऊ शकतो हे कुणाला माहीत कसं नव्हतं?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. एखाद्या ठिकाणी धोका आहे असं आपण म्हणतो, ते कशावरून?

पूर्वी भूकंप झाले तिथं पुढेही होतील, हा पहिला आधार. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या. बखरी, दप्तरं, शिलालेख धुंडाळले तर आणखी काही शतकं मागं जाता येतं. पण जमिनीतली एखादी भेग हजार वर्षांतून एकदा, तर दुसरी दहा हजार वर्षांतून एकदाच सरकते. शंभर वर्षांत काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहणं म्हणजे एका वर्षाचा पाऊस मोजून 'आमच्याकडे दुष्काळ पडत नाही' असं सांगण्यासारखं आहे.

म्हणून दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो, तो म्हणजे ती भेग. खडकांचे दोन भाग ज्या भेगेवर एकमेकांना घासत सरकतात, तिला आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रस्तरभंग किंवा विभंग म्हणतात. जगात असे भंग अगणित आहेत, पण बहुतेक केव्हाच थंडावलेले. जे अलीकडे सरकले आहेत आणि म्हणून पुन्हा सरकण्याची शक्यता आहे, ते सक्रिय. आता 'अलीकडे' म्हणजे कधी? इथंच मतभेद सुरू होतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात साधारण गेल्या अकरा-बारा हजार वर्षांत सरकलेला भंग सक्रिय धरतात. न्यूझीलंडमध्ये ही मर्यादा सर्वसाधारणपणे सव्वा लाख वर्षांची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत सोळा लाख वर्षांपर्यंत मागं जातात. भूविज्ञानात सोळा लाख वर्षं म्हणजे कालपरवाचीच गोष्ट!

भंग सरकतो किती वेगानं, हे कसं कळतं? वर्गात करून पाहण्यासारखं आहे. एका कागदावर उभा ओढा काढा. कागद आडवा कापा आणि खालचा तुकडा दोन सेंटिमीटर उजवीकडे सरकवा. ओढा तुटला. पण पाणी थांबत नाही. ते कापलेल्या रेषेच्या कडेनं वळून आपली जुनी वाट गाठतं. कॅलिफोर्नियातल्या सान अँड्रियास भंगावर वॉलेस क्रीक नावाचा असाच ओढा आहे. तो भंगापाशी काटकोनात वळतो, सुमारे १३० मीटर भंगालगत वाहतो आणि पुन्हा वळून पुढं जातो. केरी सीह आणि रिचर्ड जान्स यांनी तिथं चर खणले. गाळात सापडलेल्या कोळशाच्या कणांचं वय कार्बन-१४ पद्धतीनं काढलं. ओढ्यानं आताचं पात्र धरलं त्याला सुमारे ३,७०० वर्षं झाली होती. १३० मीटर भागिले ३,७०० वर्षं, म्हणजे वर्षाला सुमारे ३५ मिलिमीटर. आपली नखं साधारण याच वेगानं वाढतात.

हा आकडा हाती आला की पुढचं काम आठवी-नववीच्या गणिताचं. समजा, एक भंग ५० किलोमीटर लांब आहे आणि १५ किलोमीटर खोल जातो. तो एका झटक्यात १ मीटर सरकला. घासणाऱ्या पृष्ठाचं क्षेत्रफळ, सरकलेलं अंतर आणि खडकाचा दृढता गुणांक यांचा गुणाकार केला तर सुमारे २.२५ गुणिले १० चा १९वा घात इतके न्यूटन-मीटर येतात. त्यावरून भूकंपाची महत्ता ६.८च्या आसपास निघते. भंगाचा वेग वर्षाला २ मिलिमीटर असेल, तर १ मीटरचा ताण साठायला ५०० वर्षं लागतील. शाळेची इमारत ५० वर्षं वापरायची असेल, तर तेवढ्या काळात असा भूकंप होण्याची शक्यता ढोबळमानानं दहात एक.

पण वेग नक्की २ मिलिमीटरच आहे हे कुणी सांगितलं? मोजमाप '१ ते ४ च्या दरम्यान' इतकंच सांगत असेल, तर ५०० वर्षांच्या जागी १,००० वर्षंही येतील आणि २५०ही. शक्यता विसात एक किंवा जवळजवळ पाचात एक. इमारतीत लोखंड किती घालायचं, हे या फरकावर ठरतं. म्हणून चांगल्या नोंदवहीत वेगाचे तीन आकडे लिहितात: सर्वांत संभाव्य, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. एकच नेमका आकडा दिसायला रुबाबदार असतो, पण आमच्या मते तो फसवा.

वेगाशिवाय भंगाची रेषा अक्षांश-रेखांशांत लिहायची. भंग कोणत्या बाजूला किती अंशांनी कललेला आहे, खडक आडवे सरकतात की वरखाली, शेवटचं सरकणं कधी झालं, नोंद किती खात्रीची आहे आणि ती कुणाच्या कोणत्या अभ्यासातून घेतली, हेही लिहायचं. शेवटचा रकाना आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्यामुळे कुणालाही मूळ अभ्यासापर्यंत जाऊन चूक दाखवता येते.

अशा याद्या अनेक देशांनी केल्या, पण प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं. एकाच्या यादीत वेगाचा आकडा, दुसऱ्याकडे 'अ, ब, क' असे वर्ग, तिसऱ्याकडे नुसता 'सक्रिय' असा शेरा. कुठं भंग देशाच्या सीमेवर येऊन थांबतो आणि पलीकडच्या नकाशात दुसऱ्याच नावानं, थोड्या बाजूला सुरू होतो. भंगाला सीमा ठाऊक नसते, नकाशा काढणाऱ्या खात्याला असते! इटलीतल्या पाविया इथं मुख्यालय असलेल्या 'ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल' या संस्थेनं अशा याद्या गोळा करून एकाच साच्यात आणल्या. रिचर्ड स्टायरन आणि मार्को पगानी यांनी २०२० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. या माहितीकोशात सुमारे साडेतेरा हजार भंग आहेत आणि तो कुणालाही विनामूल्य पाहता, उतरवून घेता येतो.

तो सर्वांसाठी खुला का हवा, याचं उत्तर जपानकडून मिळतं. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे कोबे शहरात भूकंप झाला आणि सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली. आवाजी बेटावरचा नोजिमा भंग त्या वेळी सरकला. तो अज्ञात नव्हता. जपानी संशोधकांनी सक्रिय भंगांचा मोठा ग्रंथ १९८० मध्येच काढला होता, त्याची सुधारित आवृत्ती १९९१ची. पण ग्रंथ ग्रंथालयात, आणि 'आपल्या भागात मोठे भूकंप होत नाहीत' ही समजूत मात्र लोकांच्या मनात. त्याच वर्षी जपान सरकारनं यासाठी वेगळी यंत्रणा उभारली. तिनं सुमारे शंभर प्रमुख भंगांचा एकेक करून अभ्यास हाती घेतला आणि निष्कर्ष लोकांपुढं ठेवले.

यादी पूर्ण कधीच नसते. न्यूझीलंडची यादी उत्तमांपैकी एक. तरी ४ सप्टेंबर २०१० रोजी कँटरबरीच्या मैदानात ७.१ महत्तेचा भूकंप झाला, तो नदीच्या गोट्यावाळूखाली दडलेल्या, कुणालाच माहीत नसलेल्या भंगावर. ग्रीनडेल हे नावही त्याला नंतर मिळालं. पुढं २२ फेब्रुवारी २०११ला ख्राइस्टचर्च शहराजवळचा आणखी एक दडलेला भंग सरकला आणि १८५ माणसं मृत्युमुखी पडली. याउलट ६ फेब्रुवारी २०२३ला तुर्कस्तानात ७.८ महत्तेचा भूकंप झाला तो पूर्व अनातोलिया भंगावर, आणि हा भंग नकाशावर ठळकपणे होता. तरीही त्या देशात पन्नास हजारांवर बळी गेले, कारण कच्च्या बांधणीच्या इमारती कोसळल्या.

आता पुन्हा किल्लारी. हिमालयाच्या पायथ्याचा मुख्य भंग नेपाळमध्ये वर्षाला सुमारे २० मिलिमीटर वेगानं सरकतो आणि त्याच्या खुणा नदीकाठच्या उचललेल्या पायऱ्यांत स्पष्ट दिसतात. दख्खनच्या पठारावर मात्र जुने भंग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांखाली झाकले गेले आहेत. त्यांचा वेग इतका कमी की दोन भूकंपांच्या मधल्या काळात पाऊस आणि नांगर मिळून सगळ्या खुणा पुसून टाकतात. मग मुलांच्या प्रश्नाचं उत्तर असं: तिथं भंगही दिसत नव्हता आणि नोंदींतही काही नव्हतं. २००२ मध्ये भूकंप-पट्टे नव्यानं आखले गेले, सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात आलं.

उपग्रहाच्या छायाचित्रांत अशा प्रदेशात सरळ रेषा पुष्कळ दिसतात. त्यांतली कुठली सक्रिय भंगाची, कुठली निव्वळ जुन्या खडकातल्या सांध्याची, आणि कुठली रस्त्याची, हे चर खणल्याशिवाय ठरत नाही. सगळ्याच रेषा यादीत घातल्या तर विनाकारण घबराट, सगळ्या गाळल्या तर खोटा दिलासा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २००० साली देशाचा भूकंप-संरचना नकाशासंग्रह काढला. त्यात भंग आणि अशा रेषा वेगवेगळ्या दाखवल्या आहेत.

मघाचा कागद फेकू नका. तोच कागद तीन-चार गटांना देऊन ओढा किती सरकला ते मोजायला सांगा. पात्राच्या कडेपासून मोजायचं की मध्यापासून, यावरून वाद होईल आणि आकडे वेगळे येतील. फळ्यावर सरासरी लिहून मोकळे होऊ नका. सगळे आकडे लिहा, आणि प्रत्येकासमोर मोजणाऱ्या गटाचं नाव.