पास्ता ए फाजोली: एका भांड्यात घरभराचं जेवण

इटालियन म्हटलं की आपल्याकडे लाल सॉस नाहीतर पांढरा सॉस, एवढंच. गरिबाघरचं जेवण म्हणून तिकडे ओळखलं जाणारं ‘पास्ता ए फाजोली’ एकदा करून बघा. नाव सूपाचं, पण इतकं दाट की पोळी-भाताची आठवण येत नाही.

तिकडे बोर्लोत्ती नावाचे ठिपकेदार दाणे वापरतात. आपला चित्रा राजमा त्याच्या जवळचा. (ही घेवड्याची जात मुळात अमेरिका खंडातली, १६व्या शतकात युरोपात पोचलेली.) १ वाटी राजमा सकाळी भिजत घाला, संध्याकाळी कुकरमध्ये पार मऊ शिजवा. कच्चट राहिला तर पोट बिघडतं, इथे घाई नको.

खरी चव सोफ्रित्तोत. कांदा, गाजर, सेलरी अगदी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद आचेवर १० मिनिटं परता. कांदा लाल करायचा नाही, हात कितीही शिवशिवला तरी! मग लसूण, २ टोमॅटो, थोडी रोजमेरी आणि राजमा, त्याच्या पाण्यासकट. निम्मे दाणे पळीने ठेचा, दाटपणा त्यातूनच येतो. कॉर्नफ्लोअर घालणं म्हणजे फसवाफसवी. पार्मेजान चीजची कडक साल असेल तर तीही रश्शात सोडा.

शेवटी दितालिनी किंवा छोटी मॅकरोनी. नेपल्समध्ये तर वेगवेगळ्या आकारांचा मिश्र पास्ता घालतात.

उद्यासाठी ठेवायचं असेल तर पास्ता घालण्याआधीच निम्मं काढून ठेवा. नाहीतर तो सगळा रस्सा पिऊन टाकतो.