ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी



गेल्या वर्षी चवथीची सुट्टी संपल्यावर दहावीतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या घरी एका कार्यालयातून निघालेला जुना संगणक होता. त्यावर अभ्यासाची कामे नीट होत. पण नवे खेळ लावले की चित्र अडखळे. दोन वर्षे साठवलेले पैसे आणि आईने शिवणकामातून बाजूस टाकलेले थोडे, असे मिळून त्यास ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे होते. "सर, कोणते घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. तथापि संगणकावर आमचा बरा हात चालतो असा शाळेत लौकिक झालेला, आणि लौकिक ही वस्तू माणसास गप्प बसू देत नाही. त्या दिवसांत ज्या कार्डाची स्तुती आमच्या कानी आली होती, त्याचे नाव सांगून आम्ही मोकळे झालो. मुलाने ते आणले. कार्डाच्या कडेस वीज घेण्यासाठी आठ पिनांचे एक तोंड होते. त्याच्या संगणकात त्या तोंडात बसणारी तारच नव्हती. दुकानदार खोके फोडलेला माल परत घेईना. चार महिने ते कार्ड कपाटावर पडून राहिले. शेवटी बेळगावच्या मावसभावाने ते घेतले, पण तीन हजार रुपये कमी देऊन. मुलाने आम्हांस दोष दिला नाही. तो एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही वॉट विचारले नाहीत आणि मीही सांगितले नाहीत."

त्या एका वाक्यात प्रस्तुत लेखाचे सार आहे. कार्ड निवडण्याचा आरंभ कार्डापासून करावयाचा नसतो. तो आपल्या घरच्या संगणकापासून करावयाचा असतो. ही गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. ती तुम्हांस वेळेवर कळावी, म्हणून हा खटाटोप.

प्रथम ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते पाहू. आज सर्रास आढळणाऱ्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. त्यांस पिक्सेल म्हणतात. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. खेळ सुरळीत भासावा म्हणून सेकंदास अशी ६० चित्रे काढावी लागतात. म्हणजे दर सेकंदास १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा निष्णात रांगोळीकारासारखा आहे. तो अवघड नक्षी काढील. पण सारे मैदान एकट्याने रंगवावयाचे म्हटले तर त्याचा दिवस मावळेल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्याच मैदानावर रांगेने बसवलेली शेकडो मुले होत. प्रत्येकाकडे एकच चौकोन आणि एकच सोपे काम. पण सर्वांचे हात एकाच वेळी चालतात. २०१९ साली निघालेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० या साध्या कार्डात असे ८९६ हात आहेत.

आता आपल्या संगणकाकडे वळू. पाहावयाच्या गोष्टी चार आहेत.

पहिली गोष्ट विजेची. संगणकाच्या पेटीत सर्व भागांना वीज पुरवणारा जो डबा असतो, त्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात. त्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते; ती वाचावी. मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. १२ व्होल्टच्या ओळीपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेला गुणाकार करावा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा मुख्य भार याच ओळीवर पडतो. आमच्या विद्यार्थ्याचा एसएमपीएस एकूण २४० वॉटचा होता. समजा, त्याच्या संगणकात एएमडीचे आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचे कार्ड बसवले. प्रोसेसरचे ६५ वॉट मिळवले की १९७ झाले. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे यांना ४०-५० वॉट धरले की ताटात काही उरतच नाही. या कार्डासाठी कंपनी निदान ४५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, ते उगाच नव्हे.

येथे एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मदरबोर्डवरील ज्या लांब खाचेत कार्ड बसते, ती खाच त्यास फार तर ७५ वॉट देऊ शकते. त्याहून अधिक वीज हवी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी तार यावी लागते. सहा पिनांची तार आणखी ७५ वॉट देते व आठ पिनांची १५०. आपल्या पेटीत अशी तार नसेल, तर आपली मर्यादा ७५ वॉटवर येऊन थांबली असे समजावे. एसएमपीएस बदलता येईल का? साध्या संगणकात येतो; पण कार्यालयांसाठी बनवलेल्या अनेक संगणकांत त्याचा आकार आणि जोडण्या निराळ्या असतात, आणि बाजारातला एसएमपीएस त्यांत बसत नाही. पेटी उघडून पाहिल्यावाचून हे कळत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. पेटीचे झाकण काढावे, फूटपट्टी घ्यावी आणि खाचेपासून पुढे किती मिलिमीटर मोकळे आहेत ते मोजावे. सडपातळ पेटीत पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. तेथे लो प्रोफाइल म्हणून ओळखले जाणारे बुटके कार्डच लागते. कार्डाची जाडीही पाहावी. दोन खाचांची जागा अडवणारी कार्डे पुष्कळ आहेत. झाकण काढण्यापूर्वी विजेची तार भिंतीतून काढणे आणि आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करणे, या दोन गोष्टी विसरू नयेत.

तिसरी गोष्ट प्रोसेसरची. रांगोळीकारच रेघा हळू आखीत असेल, तर रंग भरणारी मुले वाढवून काय उपयोग? याची परीक्षा फुकट करता येते. खेळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन चित्राचे ठिपके १२८० गुणिले ७२० इतके कमी करावे. ठिपक्यांची संख्या आता ९,२१,६०० झाली; म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून खाली आले. तेवढ्याने खेळ चपळ झाला, तर उणीव कार्डाची आहे. काहीच फरक पडला नाही, तर उणीव बहुधा प्रोसेसरची अथवा रॅमची आहे, आणि नव्या कार्डावर घातलेले पैसे वाया जातील.

चौथी गोष्ट मॉनिटरची. मॉनिटर जुना असून त्यास केवळ निळ्या टोकाची व्हीजीए तार जोडता येत असेल, तर आजच्या कार्डावर ते तोंड मिळणार नाही. निराळा कन्व्हर्टर घ्यावा लागेल. त्याचाही खर्च आधीच धरावा.

या चार गोष्टी कागदावर उतरल्या म्हणजे मग कार्डांची यादी हाती घ्यावी. येथे नावाने फसू नये. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले. २०१८ साली त्याच नावाने दुसरे कार्ड विक्रीस निघाले. पहिल्याची मेमरी सेकंदास ४८ गिगाबाइट माहिती हलवी. दुसऱ्याची १७ गिगाबाइटही नाही. नाव तेच, पण वेग जवळजवळ एकतृतीयांश! आरटीएक्स ३०५० चेही तसेच आहे. २०२२ सालचे ८ गिगाबाइटचे कार्ड १३० वॉट घेते आणि त्यास वेगळी तार लागते. २०२४ सालचे ६ गिगाबाइटचे कार्ड ७० वॉटमध्ये भागवते, मात्र त्याचे हात २५६० वरून २३०४ वर आले आहेत आणि मेमरीचा मार्गही अरुंद आहे. तेव्हा खोक्यावर केवळ गिगाबाइट किती हे न पाहता, मेमरी कोणत्या जातीची आणि वॉट किती, हेही वाचावे.

ज्यांची मर्यादा ७५ वॉटची आहे, त्यांच्यासाठी हेच ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० आम्हांस सर्वांत सोयीचे वाटते. त्याचे बुटके नमुनेही निघाले आहेत. त्याहून स्वस्तात जीटीएक्स १६५० मिळाले तर तेही चालेल. परंतु विशिष्ट नमुन्यास वेगळी तार लागते की काय ते तपासावे, कारण काहींना लागते. त्याची मेमरी ४ गिगाबाइट असल्याने नव्या खेळांत चित्राचा बारकावा कमी ठेवावा लागेल. एएमडीचे आरएक्स ६४०० हे केवळ ५३ वॉटचे कार्ड सडपातळ पेटीत छान बसते. पण मदरबोर्डशी बोलण्यासाठी त्यास चारच वाटा आहेत. नव्या मदरबोर्डवर त्या वाटा रुंद असल्याने भागते. जुन्यावर त्याचा वेग दिसण्याइतका घटतो. शिवाय आपला खेळ चित्रित करण्याची सोय या कार्डात नाही. इंटेलचे आर्क ए३८० स्वस्त असले, तरी ते रिसायझेबल बार नावाची सोय मागते. ती नसलेल्या जुन्या संगणकात त्याचा वेग फार खाली येतो. म्हणून तेथे ते घेऊ नये.

ज्यांच्याकडे ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस आणि आठ पिनांची तार आहे, त्यांनी आरएक्स ६६०० च्या किंमतीची चौकशी अवश्य करावी. ८ गिगाबाइट मेमरीचे हे कार्ड २०२१ सालचे असले, तरी १९२० गुणिले १०८० च्या पडद्यास पुरेसे बळ त्यात आहे. एसएमपीएस ५५० वॉटचा असेल, तर ११५ वॉट घेणारे २०२३ सालचे आरटीएक्स ४०६० ही त्याच्या वरची पायरी होय.

जुन्या मालाविषयी दोन शब्द. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळी घेताना आपल्या घरची वडीलधारी बाई कल्ले उघडून पाहिल्यावाचून पैसे काढीत नाही. वापरलेले कार्ड घेताना हीच रीत पाळावी. सप्टेंबर २०२२ मध्ये ईथिरियम या चलनाचे कार्डांवरील खाणकाम बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पण ते चालू संगणकात बसवून, अर्धा तास खेळ चालवून पाहावे. जुन्या कार्डाची आतील ओळख बदलून ते नव्या नावाने विकण्याचे प्रकारही घडले आहेत. जीपीयू-झेड ही फुकट मिळणारी आज्ञावली अशी पुष्कळ सोंगे उघडी पाडते. आणखी एक पाहावे. जीटीएक्स १०५० टीआय आणि त्याच्या पिढीतील इतर कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे त्यांनी जाहीर केले. तेव्हा ते कार्ड स्वस्त दिसले, तरी त्याचे उरलेले आयुष्य मोजूनच भाव ठरवावा.

आणि पैसे अजून जमले नसतील तर? तर थांबावे, त्यात कमीपणा नाही. ठिपके १६०० गुणिले ९०० वर आणले की काम जवळजवळ तीस टक्क्यांनी हलके होते. सावल्यांचा बारकावा उतरवला तर आणखी हलके होते. कार्ड नसलेल्या संगणकात रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी लावल्याने चित्रासही वेग येतो, आणि तिचा उपयोग अभ्यासाच्या कामासही होतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढे ७५ वॉटच्या मर्यादेतले एक बुटके कार्ड घेतले. या खेपेस कागद तोच घेऊन आला होता: वॉट, मिलिमीटर, प्रोसेसर, मॉनिटर, असे चार रकाने आखलेला. आम्ही केवळ बेरीज तपासली. रविवारी त्याचा फोन आला. कार्ड बसले, पंखा फिरतो, पण खेळ पूर्वीसारखाच अडखळतो! आमच्या पोटात गोळा आला. मग विचारले, मॉनिटरची तार कोठे लावली आहेस? ती जुन्याच जागी, मदरबोर्डच्या तोंडात होती. ती काढून कार्डाच्या तोंडात लावताच त्याची आई मागून हसल्याचे आम्हांस ऐकू आले.

तो कागद आम्ही मागून घेतला असून शिक्षकांच्या खोलीतील फळ्यावर लावला आहे. ज्यास कार्ड घ्यावयाचे असेल त्याने तो उतरवून घ्यावा, घरी जाऊन चारही रकाने भरावे आणि मगच आम्हांस नाव विचारावे.