ब्लेंडर २.८० : बीटाआधीची धुसफुस

थ्रीडीवाल्यांनो, हा किस्सा माहीत असायलाच हवा. 'ब्लेंडर २.८०' या थ्रीडी सॉफ्टवेअरचा बीटा २०१८च्या अखेरीस आला. पण त्याआधीच, एप्रिलमध्ये, डेव्हलपरांनी ब्लेंडरमधलं गेम इंजिन काढून टाकलं आणि ते वापरणारे खवळले. राग समजण्यासारखा होता. २००२ मध्ये ब्लेंडरचा कोड मुक्त करण्यासाठी लोकांनीच वर्गणी काढून एक लाख युरो उभे केले होते. घर आमचं आणि भिंत पाडताना आम्हाला विचारतही नाहीत, असं त्यांना वाटणारच!

डेव्हलपरांची बाजूही खरी होती. व्ह्यूपोर्ट नव्याने लिहिला जात होता, ओपनजीएल ३.३ सक्तीचं होणार होतं आणि इंजिनाचा कोड जुन्या पद्धतीला चिकटलेला. तो सांभाळायला माणसंही अपुरी. माझ्या मते निर्णय बरोबरच होता.

पुढे वस्तू निवडण्यासाठी उजव्या क्लिकऐवजी डावी क्लिक डिफॉल्ट झाली, त्यावरही भरपूर वाद झाले. (उजवीचा पर्याय आजही सेटिंगमध्ये आहे, बरं का!)

गेम इंजिन हवंच असेल, तर 'यूपीबीजीई' ही त्याची स्वतंत्र आवृत्ती मोफत मिळते. जरूर वापरून बघा.