ढील दिली की बुडालात

पाटणहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. हे गृहस्थ वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतात आणि उन्हाळ्यात रजा काढून गोव्यात मोरजीला काइटसर्फिंग शिकायला जातात. सरळ जाणं जमलं, लाट पकडणंही जमलं. पण लाटेच्या उतारावरून खाली येऊन बोर्ड वळवायला गेलं, की दोऱ्या सैल पडतात, काइट पाण्यात कोसळतो आणि मागोमाग स्वारीही. शिकवणारे एवढंच सांगतात, 'आधी काइट, मग बोर्ड.' वाचकाचं म्हणणं असं, की आधी म्हणजे किती आधी, ते कुणी सांगत नाही. आणि लहानपणापासून पतंग उडवण्यात हात तयार झालेला असताना नेमका इथेच तो का चुकतो?

प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला. हात तयार झालेला आहे म्हणूनच चुकत असावा, असा माझा दाट संशय आहे.

आपला कागदी पतंग एका दोरीवर उडतो. डावीकडे वळवायची एक दोरी, उजवीकडची दुसरी, असा काही प्रकार नाही. तरीही गल्लीतली पोरं त्याला हवा तिकडे नेतात, दुसऱ्याच्या मांज्यावर नेमका घालतात. मांजा ताणला की वाऱ्याच्या दाबाने आडवी कामटी मागे वाकते, दोन्ही पंख किंचित मागे झुकतात, पतंग स्थिर होतो आणि नाक जिकडे असेल तिकडे सुसाट निघतो. ढील दिली की कामटी सरळ होते, पतंग सपाट होतो. सपाट पतंगाला दिशा धरून ठेवता येत नाही, तो गिरकी घ्यायला लागतो. गिरकीत नाक हव्या त्या बाजूला आलं रे आलं की खेच! म्हणजे वळण्यासाठी ढील आणि जाण्यासाठी ताण. विमान मुद्दाम थोडं अस्थिर ठेवायचं आणि त्या अस्थिरतेतून चपळपणा काढायचा, ही युक्ती एफ-16 ने 1970 च्या दशकात संगणकाला हाताशी धरून केली. आपल्याकडे ती कामटी, कागद आणि दहा वर्षांच्या पोराची बोटं एवढ्यावर कितीतरी आधीपासून चालू आहे. याबद्दल कौतुकाचे दोन शब्द पाठ्यपुस्तकात यायला हरकत नव्हती.

काइटसर्फिंगचा काइट या बाबतीत बरोबर उलट्या स्वभावाचा. त्याला बहुधा चार दोऱ्या असतात, वीस-बावीस मीटर लांबीच्या. पुढच्या दोन दोऱ्या काइटच्या पुढच्या कडेपासून थेट कमरेच्या हार्नेसला येतात आणि बहुतेक ओढ त्याच पेलतात. मागच्या दोन दोऱ्या काइटच्या दोन टोकांपासून हातातल्या बारच्या दोन टोकांना. बारची उजवी बाजू ओढली की काइटचं उजवं टोक मागून खेचलं जातं, त्या टोकाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो. काइट कमानीसारखा वाकलेला असल्यामुळे त्या टोकावरचा वाढलेला जोर वरच्या दिशेने लागत नाही, बाजूला लागतो, आणि काइट उजवीकडे फिरतो. हे सगळं घडायला त्या टोकावर वारा दाबून बसलेला हवा. दोऱ्या सैल पडल्या तर बार कितीही फिरवा, पलीकडे कुणी ऐकायला नसतं. कागदी पतंग ढिलात वळतो, हा ताणात वळतो. अडचणीत सापडल्यावर बोटं जुन्या सवयीने ढील द्यायला जातात, किंवा त्याच्याही पुढची चूक म्हणजे घाबरून बार छातीशी ओढतात. तिच्याकडे नंतर येऊ.

चार दोऱ्यांच्या कल्पनेचं श्रेय ज्याला द्यायला हवं, त्याचं नाव सर्फिंगवाल्यांना सहसा माहीत नसतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक. 1826 मध्ये त्याने पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. घोडे नाहीत, पुढे आभाळात पतंग, आणि चार दोऱ्यांनी त्यांची दिशा आणि ओढ दोन्ही ताब्यात. रस्त्यावरच्या टोलनाक्याच्या दरपत्रकात घोडा होता, खेचर होतं, पतंग नव्हता, म्हणून मास्तरांची गाडी टोल न भरता जायची असं सांगतात. (टोल चुकवण्याची इतकी देखणी पद्धत त्यानंतर कुणाला सुचलेली नाही.) या गृहस्थांनी आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने उंच हवेत चढवलं होतं. सुदैवाने ती सुखरूप खाली आली. सुदैवाने अशासाठी, की पुढे तिला जो मुलगा झाला त्याचं नाव डब्ल्यू. जी. ग्रेस. क्रिकेटच्या इतिहासात पतंगाचा एवढा वाटा आहे हे आपल्या समालोचकांनी कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

पाण्यात पडलेला काइट पुन्हा उडवता आला तरच समुद्रावर त्याचा उपयोग. ते जमवलं ब्रूनो आणि डोमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांनी. हवा भरलेल्या नळ्यांचा सांगाडा असलेल्या काइटचं पेटंट त्यांनी 1984 मध्ये घेतलं, पण तेव्हा शिडाच्या सर्फिंगची लाट जोरात होती आणि त्यांना कुणी विचारलं नाही. बाजारात जम बसायला 1997 उजाडावं लागलं.

आता 'किती आधी'कडे. हॅम्बर्गच्या स्कायसेल्स कंपनीने जहाजं ओढण्यासाठी प्रचंड काइट बनवले. त्यांच्यावर काम करताना मायकेल एरहार्ड आणि हान्स श्ट्राउख यांनी एक सुटसुटीत नियम मांडला. गुरुत्वाकर्षणाचा लहानसा वाटा बाजूला ठेवला, तर काइट किती वेगाने वळेल हे दोनच गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: सुकाणूला दिलेला तिरकेपणा, आणि काइटला प्रत्यक्ष लागणारा वारा. यातून निघणारी गंमत पाहा. लागणारा वारा दुप्पट झाला तर काइट दुप्पट वेगाने वळेल, पण तो दुप्पट वेगाने पुढेही सरकत असेल. म्हणजे वळणाचा घेर तोच! घेर ठरतो बार किती तिरका केला त्यावरून आणि काइट केवढा आहे त्यावरून. वारा ठरवतो तो फक्त वेळ.

आणि लाटेवर नेमका वेळच कमी असतो. मोरजीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर तिथे वायव्येकडून समुद्री वारा सुटतो, म्हणजे किनाऱ्यावर तिरका. लाट किनाऱ्याकडे येते, तुम्ही लाटेवर, आणि वाराही साधारण त्याच बाजूला चाललेला. दोन मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगाने येते. तिच्या उतारावरून घसरत आलात तर तुमचा वेग सहा मीटर सहज होतो. वारा सेकंदाला आठ मीटरचा धरू. वाऱ्याकडे पाठ करून सरळ खाली आलात तर तुमच्या वाट्याला उरतो दोन मीटरचा वारा. काइटची ओढ वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारा पाव झाला, ओढ एक सोळांश झाली. काइट एका जागी उभा ठेवला असेल तर त्याचं वळणंही पाव वेगावर आलं. अशा वेळी पाय वळवून वर बार फिरवणं म्हणजे झोपलेल्याला हाक मारण्यापैकी आहे.

यावर उपाय काइटला झोपू न देण्याचा. काइट वाऱ्याला आडवा धावत असेल तर तो स्वतःच्या वेगाने स्वतःचा वारा तयार करतो. त्याला लागणारा वारा मग तुमच्या दोन मीटरपुरताच राहत नाही. मात्र हे धावणं सुरू करायला आधी थोडा वारा शिल्लक हवा, नाहीतर गाडी सुरूच होत नाही.

ढोबळ हिशेब असा. सहा मीटरच्या वेगाने जाणारा माणूस बोर्डची कड पाण्यात रोवून पंचेचाळीस अंश झुकला, तर वळणाची त्रिज्या पावणेचार मीटरच्या आत येते, आणि अर्धं वर्तुळ दोन सेकंदांत पुरं होतं. वर काइटला बावीस मीटर दोरीवर आभाळात वर्तुळाचा चतुर्थांश ओलांडून पलीकडे जायचं आहे, म्हणजे जवळजवळ पस्तीस मीटर. सेकंदाला पंधरा मीटरचा वेग धरला तरी सव्वादोन सेकंद झाले, आणि सुरुवातीला तोंड फिरवायला लागणारा वेळ वेगळा. बोर्ड आणि काइट एकदम वळवले तर काइट हमखास मागे पडतो. म्हणून सेकंदभर आधी, तुम्ही लाटेच्या माथ्याजवळ असतानाच, अजून उतारावर वेग घेतलेला नसताना, बार फिरवायचा. काइट नव्या दिशेला झेपावला आणि कमरेला ओढ जाणवली की मग नजर, खांदे, आणि सगळ्यात शेवटी मागच्या पायाची टाच किंवा चवडा. पाणी दिसलं की पाय आपोआप घाई करतात, त्यांना थांबवणं हाच सरावातला कठीण भाग.

आता ती घाबरून बार ओढण्याची चूक. दोरी सैल वाटली की माणूस ती हाताने ताणायला जातो, म्हणजे बार छातीशी घेतो. त्याने मागच्या दोऱ्या आखडतात, काइटचा वाऱ्याशी कोन प्रमाणाबाहेर वाढतो, पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि काइट मागे मागे पडत जातो. विमानाच्या भाषेत हा 'स्टॉल'. करायचं ते उलट: बार थोडा पुढे सोडायचा, काइटला वाऱ्याबरोबर तरंगत मागे सरकू द्यायचं. लाटेसाठीचे काइट हलके आणि कमी नळ्यांचे असतात ते याचसाठी. म्हणजे ढिलाची जुनी सवय अगदीच वाया जात नाही. ढील काइटला द्यायची, फक्त ती देऊन वळायची अपेक्षा करायची नाही.

स्वतःचा वारा तयार करणारा पंख आमच्या वाचकाने रोज डोक्यावर पाहिलेला आहे. पवनचक्कीच्या पात्याचं टोक वाऱ्याच्या सहा-सातपट वेगाने फिरतं आणि पात्याचा बाहेरचा एक तृतीयांश भाग एकूण वर्तुळाचं निम्म्याहून जास्त क्षेत्र झाडून काढतो. मग खरं काम टोकच करत असेल तर बाकीचं पातं आणि तो मनोरा हवाच कशाला? टोकाला दोरी बांधा आणि उडवा! हे गणित 1980 मध्ये माइल्स लॉइड या अभियंत्याने रीतसर मांडलं. तो काम करायचा लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत, जी ओळखली जाते अण्वस्त्रांसाठी. आडव्या धावणाऱ्या पंखातून मिळणारी शक्ती पंखाची उचल आणि त्याला होणारा अवरोध यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढते, हे त्याने दाखवलं. तेलाच्या किमती उतरल्या आणि पुढची बरीच वर्षं तो लेख जवळजवळ पडून राहिला. आज काइटवर प्रबंध लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या पानावर लॉइडचं नाव घेतो, पण काइट उडवणाऱ्यांना तो कोण हे माहीत नसतं.

त्याच्या गणितावर पुढे बातम्यांचे मथळे झाले: मनोरे गेले, आता वीज पतंगातून. 2013 मध्ये गूगलने मकानी नावाची कंपनी घेतली. 26 मीटर पंखांचा, 600 किलोवॉटचा उडता जनित्र-काइट बनवला, 2019 मध्ये नॉर्वेच्या समुद्रावर उडवला आणि 2020 च्या फेब्रुवारीत दुकान बंद केलं. लॉइडच्या गणितात खोट नव्हती. पण पवनचक्कीचं पातं बोल्टने घट्ट बसवलेलं असतं, वारा पडला तर ते नुसतं थांबतं. वारा पडल्यावर काइटला जे होतं ते मोरजीच्या पाण्यात आमच्या वाचकाने स्वतः भोगलंय. वर्षभर, रात्रंदिवस, वादळातही दर काही सेकंदांनी न चुकता वळत राहायचं, हे यंत्राकडून करून घेणं फार महाग पडतं. वनकुसवड्याच्या मनोऱ्यांना इतक्यात धोका नाही, नोकरी सांभाळावी.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, की इतका वारा घरच्या दारात असताना गोव्याला जायचं कशाला, शिवसागर जलाशयाच्या पाण्यावर किंवा पठाराच्या कडेला का नको? कृपा करून नको. सडावाघापूरचा उलटा धबधबा त्यांनी पाहिला असेलच. दरीतून आलेला पावसाळी वारा कड्यावर आपटतो, सरळ वर चढतो आणि पडणारं पाणी पुन्हा पठारावर फेकतो. पाण्याची जी गत, तीच काइटला बांधलेल्या माणसाची. डोंगराच्या मागच्या अंगाला तर वारा भोवरे खात उतरतो. खोऱ्यातल्या पाण्यावर एका क्षणी झोत आणि दुसऱ्या क्षणी पोकळी, असा प्रकार असतो. काइटला लागतो लांबवरून मोकळ्या पाण्यावरून आलेला, एकसारखा वारा.

घरी सराव करायचाच तर दोन-तीन चौरस मीटरचा शिकाऊ काइट घ्यावा आणि पीक निघालेल्या सपाट, मोकळ्या रानात जावं, विजेच्या तारांपासून लांब. आभाळात आडवा आठाचा आकडा काढत राहायचा आणि तो चालू असतानाच वाऱ्याच्या दिशेने, काइटकडे पळायचं. सेकंदाला सहा मीटरच्या वाऱ्यात तीन मीटरने पळालात तर तुमच्या वाट्याचा वारा निम्मा होतो आणि काइट कसा सुस्तावतो ते मनगटाला कळतं. मग पुन्हा, या वेळी काइट झेपावल्यावर पळायला सुरुवात करायची. आठाचा आकडा न मोडता पंधरा-वीस पावलं पळता आलं, की पुढचं मोरजीला.