डोमिशियानस दुसरा : दोन नाण्यांची साक्ष

संग्राहकाच्या दृष्टीने रोमन नाण्याचे मोल बहुधा त्याच्या दुर्मिळतेवर ठरते. अभ्यासकाला मात्र एकमेव नाणे प्रथम संशयास्पदच वाटते, कारण त्याची साक्ष पडताळून पाहण्यास दुसरे साधन नसते. डोमिशियानस याच्या नाण्यांचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे.

इ. स. २६० ते २७४ या काळात गॉल व ब्रिटन हे प्रदेश रोमच्या सत्तेपासून फुटून निराळ्या सम्राटांच्या अमलाखाली होते. या सम्राटांच्या नामावळीत डोमिशियानसला स्थान नव्हते. १९०० साली फ्रान्समध्ये नांत शहराजवळ सापडलेल्या एका साठ्यात त्याच्या नावाचे हिणकस चांदीचे नाणे मिळाले. परंतु त्यास जोड नसल्यामुळे अनेक विद्वानांनी ते बनावट ठरविले.

पुढे २००३ साली इंग्लंडमधील चालग्रोव्ह येथे सुमारे पाच हजार नाण्यांनी भरलेले मडके उजेडात आले. आतील नाणी गंजून एकमेकांस चिकटली होती. ती ब्रिटिश म्युझियममध्ये सुटी केली असता त्यांत डोमिशियानसचे दुसरे नाणे आढळले. त्याच्या पुरोभागी किरणयुक्त मुकुट धारण केलेली दाढीधारी मुद्रा व सम्राटपदाच्या बिरुदांसह नाव असून, पृष्ठभागी सैन्याच्या ऐक्याची देवता कॉन्कॉर्डिया आहे. ज्यास सैन्याच्या निष्ठेचाच भरवसा नव्हता, त्याने ही देवता निवडावी हे अर्थपूर्ण होय.

निर्णायक बाब अशी की, दोन्ही नाणी एकाच ठशांनी पाडलेली आहेत. २००३ पर्यंत मातीखाली असलेल्या नाण्याचा ठसा १९०० पूर्वीच्या कोणा बनावटकाराच्या हाती असणे संभवत नाही. अर्थात दोन्ही नाणी अस्सल ठरतात. इ. स. २७१ च्या सुमारास या पुरुषाने अल्पकाळ का होईना, सम्राटपद धारण करून टाकसाळ चालविली, हे त्यावरून सिद्ध होते. सम्राट ऑरेलियनच्या काळी बंडाच्या संशयावरून शिक्षा झालेल्या एका डोमिशियानसचा उल्लेख इतिहासकार झोसिमस करतो. तो हाच असावा, हे मात्र अनुमानच होय.

येथे प्रमाण ठरले ते केवळ नाणे नव्हे, तर त्याचे प्राप्तिस्थान व सोबतचा साठा. हेच नाणे स्थळाच्या नोंदीवाचून बाजारात आले असते, तर त्यास किंमत कदाचित मिळाली असती. परंतु पहिल्या नाण्यावरील कलंक पुसला गेला नसता आणि एक सम्राट इतिहासास अज्ञातच राहिला असता.