जुन्या संगणकाची स्मृति

घरांतील जुना संगणक मंदावला म्हणजे कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विकून टाका. दुसरा म्हणतो, चालतो आहे तोंवर चालूं द्या. आमच्या घरीं हाच वाद झाला. संगणक २०१४ सालीं घेतलेला. त्याची रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृति, ४ गिगाबाइट. मुलीला त्यावर शिकवणीचे व्हिडिओ पाहावयाचे आणि मला माझीं टांचणें लिहावयाचीं. ब्राउझरमध्यें पांचवें पान उघडलें कीं यंत्र मौन धारण करी. नवा संगणक घेण्याची ऐपत त्या वेळीं नव्हती. तेव्हां दुखणें कोठें आहे तें आधीं पाहावें, असें मीं ठरविलें.

रॅम हें काय प्रकरण आहे? स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणा. हार्ड डिस्क ही कोठीची खोली आणि रॅम हा ओटा. कोठींत वर्षाचें धान्य राहतें, परंतु चिरणें, मळणें, परतणें हें सारें ओट्यावर. ओटा तोकडा असला म्हणजे अर्धवट चिरलेली भाजी कोठींत नेऊन ठेवावी लागते आणि पोळ्या आटपल्यावर पुन्हा आणावी लागते. संगणक नेमकें हेंच करतो, आणि फिरत्या तबकडीची डिस्क रॅमच्या मानानें फारच संथ असल्यामुळें आपण ताटकळत बसतों. शिवाय रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारकांत सांठविलेला विद्युद्भार. तो गळक्या घागरींतील पाण्यासारखा सतत पाझरतो. म्हणून साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत सगळ्या घागरी पुन्हा भराव्या लागतात. वीज गेली कीं सर्व रितें! जतन न केलेला मजकूर नाहींसा होतो तो यामुळेंच. एक धारक व एक ट्रान्झिस्टर यांची ही युक्ति रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचें अमेरिकन पेटंट त्यांना १९६८ सालीं मिळालें.

रॅम वाढविली म्हणजे कोणताही संगणक धांवूं लागतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. नेहमींचीं कामें उघडीं ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें मेमरीचा आंकडा पाहावा. तो शेंकडा नव्वदाच्या पुढें रेंगाळत असेल तर ओटाच अपुरा. तो निम्म्यावर असून डिस्कचा आंकडा शंभराला टेकलेला असेल, तर रॅमवर पैसे घालूं नयेत. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. विंडोज ३२ बिटांची असेल तर ४ गिगाबाइटपलीकडची स्मृति तिच्या उपयोगी पडत नाहीं, हेंही आधींच पाहून घ्यावें. आमच्याकडे आंकडा ९४ होता.

आतां खरेदी. रॅमच्या पिढ्या असतात, आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या खांचेंत बसत नाहीं. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोहोंनाही २४० पिना, त्यामुळें नुसत्या मोजणीनें फसगत होते. परंतु खालच्या कडेचा काप निराळ्या जागीं असतो. तें आपल्या हिताचेंच आहे, कारण डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर-४ ला १.२. लॅपटॉपची पट्टी आंखूड, ती येथें निरुपयोगी. आमच्या मदरबोर्डावर इंटेलचा एच८१ संच. खांचा दोन, मर्यादा १६ गिगाबाइट. जुन्या पट्टीवरील चिठ्ठी वाचून तिच्याच जातीची, तितक्याच वेगाची ४ गिगाबाइटची पट्टी मीं घेतली. दोन सारख्या पट्ट्या जोडीनें काम करतात. वेग विषम असेल तर दोन्ही सावकाश असणारीच्या चालीनें चालतात. अतिस्वस्त पट्टी दिसली तर चिठ्ठी नीट वाचावी. कांहींवर ‘फक्त एएमडीसाठीं’ असें असतें, आणि तशा पट्ट्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहींत.

बसविण्याचें काम पांच मिनिटांचें. मला दोन तास लागले. तार भिंतींतून काढली, सुरू करण्याचें बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊं दिली, अंगांतील स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला आणि पट्टी कडेनें धरून खांचेंत दाबली. यंत्र सुरू केलें, तों पडदा काळा आणि आंतून सारखा बीप-बीप असा आवाज! मुलीची परीक्षा आठवड्यावर आलेली. तिनें कांहींच म्हटलें नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. पुन्हा उघडून पाहतों तों एका टोकाचा चिमटा अर्धवट मिटलेला. बोर्ड मोडेल या भीतीनें मीं जोरच कमी लावला होता. दोन्ही टोकें समान दाबल्यावर ‘खट्’ असा आवाज झाला, आणि पडद्यावर ८ गिगाबाइट उमटले.

एक उणीव मात्र राहिली. विंडोज १० ला मिळणारी नेहमींची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली, आणि आमचा संगणक विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीं. म्हणून त्यावर आम्हीं लिनक्स घातलें. मुलीला तें दोन दिवसांत अंगवळणी पडलें. मला माझीं टांचणें कोठें ठेवलीं तें अजून तिलाच विचारावें लागतें.