जुन्या मोटारीचा हातब्रेक : आधी चाक, मग केबल

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पूर्वी भातखाचरे व मिठागरे होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचे काम हाती घेण्यात आले. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये, तर भाजीपाला व फळांचा बाजार १९९६ मध्ये येथे आला. तेव्हापासून घाटावरील व कोकणातील शेतकऱ्यांचे येथे नित्य येणे-जाणे आहे. मालाचा हिशेब, बियाणे, अवजारे इत्यादी कामांसाठी कित्येक बागायतदार घरची जुनी मोटार किंवा जीप घेऊन येतात.

अशा वाहनाचा पायाचा ब्रेक बिघडल्यास मालक ते तत्काळ कारागिराकडे नेतो, कारण त्यावाचून गाडी चालविताच येत नाही. हातब्रेकची गोष्ट निराळी आहे. तो निकामी झाला तरी गाडी चालते. म्हणून उभ्या गाडीच्या चाकाखाली दगड लावून दिवस ढकलले जातात. एखादे दिवशी दगड लावण्याचे विसरते, उतार थोडा अधिक असतो आणि रिकामी गाडी आपोआप चालू लागते. तिच्या वाटेत खेळणारे मूल असेल किंवा पाठ फिरवून ओझे उतरविणारा माणूस असेल, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १२६ अन्वये चालक जागेवर नसताना गाडीचे यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असणे, किंवा गाडी अकस्मात चालू होणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असणे आवश्यक आहे. सारांश, हातब्रेक दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य होय.

हातब्रेकची रचना

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने चालतो. हातब्रेक केवळ ओढीने चालतो, म्हणूनच तेलाची नळी फुटली तरीही तो उपयोगी पडतो. दांडा वर ओढला म्हणजे त्याची खिट्टी दात्यांच्या पट्टीत एकेका दात्यावर अडकत जाते व ‘टक् टक्’ असा आवाज होतो. दांड्याची ओढ गाडीखालील एका आडव्या पट्टीवर येते. ही पट्टी ती ओढ दोन केबलींत सारखी वाटून मागील दोन चाकांकडे पोचविते. चाकाच्या ड्रममध्ये एक लहान तरफ असते. केबलने ती ओढली गेली की दोन्ही ब्रेकशू बाहेर ढकलले जातात व त्यांवरील अस्तर, ज्यास कारागीर लायनर म्हणतात, ड्रमला आतून घट्ट दाबले जाते. मारुती ८०० व तत्सम बहुतेक जुन्या लहान मोटारींत हीच योजना आढळते.

चूक कोठे होते?

हातब्रेक सैल झाला की बहुतेक मालक दांड्याजवळील नट आवळून केबल ताणतात. दोन दिवस ब्रेक बरा वाटतो, पण मूळ दोष तसाच राहतो. सैलपणाचे कारण बहुधा चाकात असते : लायनर झिजल्याने ब्रेकशू व ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. ते अंतर कमी न करता केबल ताणल्यास दांडा खाली असतानाही ब्रेकशू अर्धवट बाहेर ओढलेले राहतात. त्यामुळे लायनर घासून ड्रम तापतात, इंधन वाया जाते आणि ज्या गाड्यांत हे अंतर आपोआप राखणारी योजना असते तेथे ती नीट काम करू शकत नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम एकच ध्यानात ठेवावा : आधी चाक, मग केबल.

लक्षणांवरून दोष ओळखणे

१. दांडा फार वर येतो व दोन्ही चाके पुरेशी अडत नाहीत : लायनर झिजले आहेत अथवा ब्रेकशूंचे अंतर वाढले आहे.

२. एक चाक अडते, दुसरे फिरते : एका बाजूची केबल गंजली आहे, ओढ वाटणारी आडवी पट्टी जखडली आहे, किंवा त्या चाकाच्या लायनरवर तेल आले आहे.

३. दांडा घट्ट लागतो, तरी गाडी सरकते : लायनर तेलकट किंवा गुळगुळीत झाले आहेत, अथवा केबल आवरणात अडकून ओढ चाकापर्यंत पोचत नाही.

४. ओढलेला दांडा आपोआप खाली पडतो : दात्यांची पट्टी वा खिट्टी झिजली आहे, किंवा खिट्टीची स्प्रिंग तुटली आहे.

५. दांडा खाली केला तरी चाक मोकळे होत नाही : केबल गंजली आहे किंवा ड्रममधील परतीची स्प्रिंग निकामी झाली आहे.

पावसाळ्यातील चिखल व खाडीकाठची खारी हवा यांमुळे केबलच्या आवरणात गंज लवकर शिरतो. म्हणून या भागात दुसऱ्या व पाचव्या लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे.

दुरुस्तीची पद्धत

गाडी सपाट व कठीण जागी उभी करावी. पुढील दोन्ही चाकांस पुढून व मागून लाकडी पाचरी द्याव्यात. ड्रम काढण्यासाठी हातब्रेक सोडावा लागतो व मागील चाके उचललेली असतात, म्हणून या पाचरींवाचून कामास हात घालू नये. जॅकने गाडी उचलल्यावर ती मजबूत घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

ड्रम काढल्यावर आतील भुकटी फुंकून वा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसास अत्यंत घातक असते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, फडके बंद पिशवीत घालून टाकावे व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी.

मग लायनर तपासावेत. रिव्हेटने बसविलेला लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजण्यापूर्वीच बदलावा. तेल मुरलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविण्याची प्रथा चुकीची आहे, कारण आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते. प्रथम गळती व्हील सिलिंडरची आहे की आसाच्या सीलची, हे शोधून ती बंद करावी व त्यानंतर दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास दोन चाकांवरील ब्रेकचा जोर असमान होतो. तेलाच्या दाबाचा भाग उघडावा लागला, तर ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

ड्रममधील तरफ हाताने हलवून पाहावी. ती सहज फिरून परत आली पाहिजे. ड्रम बसवून ब्रेकशूंचे अंतर असे जुळवावे की चाक हाताने मोकळे फिरेल.

एवढे झाल्यावरच केबलकडे वळावे. तार कोठे उसवली आहे काय, आवरण दबले वा फाटले आहे काय, हे पाहावे. एक जरी तार तुटलेली दिसली तरी केबल बदलावी. तिला गाठ मारणे वा जोड देणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणेच होय. आडवी पट्टी व सांधे स्वच्छ करून वंगण द्यावे. मात्र ते लायनर वा ड्रमला लागू देऊ नये. शेवटी दांड्याजवळील नट आवळावा. जुन्या मोटारींत सर्वसाधारणपणे ४ ते ८ टक्क्यांत ब्रेक पूर्ण लागावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. दांडा खाली असताना दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत व वर ओढल्यावर दोन्ही सारखीच अडली पाहिजेत.

जुन्या जीपविषयी सूचना

विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये हातब्रेकचा ड्रम चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागे, फिरत्या दांड्यावर असतो. तेथे तेलाच्या सीलची गळती प्रथम पाहावी. मागील एकच चाक जॅकवर उचलले, तर हा ब्रेक लावलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण डिफरन्शियलमुळे वर उचललेले चाक उलट फिरते व जमिनीवरील चाक चालू लागते. जीपचे चाक बदलताना पाचर अनिवार्य समजावी.

परीक्षा व निगा

दुरुस्तीनंतर मोकळ्या जागी, सौम्य उतारावर परीक्षा घ्यावी. चालकाने पाय ब्रेकवर तयार ठेवून हातब्रेक लावावा व पाय हळूहळू उचलावा. गाडीचे तोंड चढाकडे असताना व उताराकडे असताना अशी दोनदा परीक्षा करावी. तोंड उताराकडे असताना भार पुढील चाकांवर जातो व मागील चाकांची पकड कमी होते. म्हणून ती परीक्षा अधिक कठीण असते.

हातब्रेक रोज वापरावा, म्हणजे केबल मोकळी राहते. मात्र पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवावयाची असल्यास सपाट जागा निवडून गिअर व पाचरींवर भरवसा ठेवावा, कारण दमट हवेत लायनर ड्रमला चिकटून बसतात. उतारावर उभे राहताना हातब्रेक लावून, तोंड चढाकडे असल्यास पहिला व उताराकडे असल्यास उलटा गिअर टाकावा आणि चाकास पाचर द्यावी.

बैलगाडी सोडताना जोखड उतरविण्याआधी चाकाला दगड लावण्याची शिस्त आपल्या वाडवडिलांनी कधी मोडली नाही. गाडी बदलली तरी ती शिस्त बदलण्याचे कारण नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा मागील ड्रम उघडून पाहण्याचा परिपाठ शेतकरी बंधूंनी ठेवावा. एका सकाळच्या या कामाने घरातील व रस्त्यावरील माणसांचे जीव सुरक्षित राहतील.